दोन सीट नंबर

बारावीचा निकाल ५ मे २०२५ ला दुपारी एक वाजता लागणार, हे बोर्डानं जाहीर केलं तेव्हा माझी बॅग भरून दाराशी आली होती. त्याच दिवशी सकाळी सातच्या विमानानं मी मुंबईहून लंडनला निघणार होते. कंपनीचं काम होतं, कॉव्हेंट्रीजवळच्या एका कारखान्यात दोन आठवडे विजेच्या पॅनेलचं टेस्टिंग. तारखा फेब्रुवारीत ठरलेल्या. म्हणजे दुपारी एकला मी जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर वर असणार.

निकाल माझ्या लेकीचा, सईचा. ती म्हणाली, "विमानात वाय-फाय असतं ना? मग काय!" तिचे बाबा म्हणाले, "असतं." त्यांच्या 'असतं'ला थोडा आधार होता. १ जानेवारीला एअर इंडियानं देशातल्या देशात उडणाऱ्या काही विमानांतही वाय-फाय सुरू केल्याची बातमी त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवली होती. मीही म्हणाले, असतं. आमच्या तिघांपैकी एकानंही ते कधी वापरलं नव्हतं.

रात्री साडेअकराला नाशिकच्या सातपूरहून गाडी निघाली. कसारा घाटात ट्रकच्या रांगेत डोळा लागला, भिवंडीच्या खड्ड्यांनी जाग आणली. टर्मिनल दोनवर चेक-इन झाल्यावर मी बोर्डिंग पास उलटा केला आणि कोऱ्या बाजूला सईचा सीट नंबर पेनानं लिहून ठेवला. एक अक्षर आणि सहा आकडे. हॉल तिकिटाचा फोटो मोबाईलमध्ये होता, पण मोबाईलवर माझा विश्वास बेताचा आहे. तर एका बाजूला छापलेला सीट नंबर ३१ एच, माझा. दुसऱ्या बाजूला पेनानं लिहिलेला, तिचा. आज या दोघांचीच गरज पडणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

शेजारच्या सीटवर संगमनेरचे एक काका होते. दूध संघाच्या हिशेब खात्यातून निवृत्त, लेस्टरला मुलाकडे निघालेले. पट्टा बांधता बांधता त्यांनी माझी सगळी माहिती काढून घेतली. "आज रिझल्ट? आणि तुम्ही इथं?" या प्रश्नात जे होतं ते मला आदल्या दिवशीपासून चारपाच जणांनी ऐकवलं होतं. मी म्हटलं, वाय-फाय आहे ना. काकांनी मान डोलावली. "फुकट असतंय का?"

विमान वर गेल्यावर थोड्या वेळानं वाय-फाय सुरू झाल्याची घोषणा झाली. आपल्या हद्दीत विमान ३,००० मीटरच्या वर गेल्याशिवाय ते सुरू करता येत नाही, असा २०१८ चा नियम आहे. घोषणेत हेही सांगितलं की इंटरनेटवरून बोलायचं नाही, फोन नाही, व्हिडिओ कॉल नाही. फोन विमान मोडवरच ठेवून फक्त वाय-फाय चालू करायचं. मी केलं. विमानाचं नेटवर्क दिसलं, जोडलंही गेलं, आणि पुढे काहीच नाही. लॉगिनचं पान आपोआप उघडतं म्हणतात, ते उघडेना.

आता, फॉल्ट शोधणं हाच माझा धंदा आहे. सप्लाय आहे का, कंट्रोल व्होल्टेज आहे का, कुठला इंटरलॉक अडतोय, त्या क्रमानं बघायचं. सप्लाय होता, कारण नेटवर्कच्या पंख्याच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या. मग लक्षात आलं, फोनमध्ये ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खाजगी वाट, आपलं आपण चालू होतं. ते बिचारं नाशिकच्या सर्व्हरला हाक मारत बसलेलं, आणि विमानाचा राउटर म्हणत होता, आधी माझ्या दारात नाव सांग. व्हीपीएन बंद केलं. तरी नाही. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाचं एक कलम असतं, कधीतरी जाहिराती अडवायला सईनंच ते बदलून ठेवलं होतं. ते बंद केल्याबरोबर पान टपकन समोर. सीट नंबर टाका, आडनाव टाका. ३१ एच. पहिलं दार उघडलं.

आत तीन पर्याय होते. विमान कंपनीच्या सभासदांना फक्त मेसेज फुकट. एका तासाचा पास. सगळ्या प्रवासाचा पास, वीसएक डॉलरचा. ऑफिसच्या तिकिटांमुळे मी कधीचीच सभासद होते, त्यामुळे फुकटचं घेतलं आणि व्हॉट्सअॅपवर घरी लिहिलं, "वाय-फाय चालू. समुद्रावर आहे." दोन टिका आल्या. नवऱ्यानं अंगठा पाठवला. काकांना सांगितलं, फुकट आहे. ते खूश झाले आणि झोपले.

निकालाची साइट उघडायची तर पूर्ण पास लागणार होता. पण तो घेणं म्हणजे पाच मिनिटांचं काम, साडेबाराला घेऊ, असा मी हिशेब केला आणि नाश्त्यानंतर ताणून दिली. या साऱ्या दिवसातली माझी एकच खरी चूक म्हणाल तर ती ही.

साडेबाराला डेबिट कार्ड काढलं. नंबर टाकला, नाकारलं. पुन्हा टाकला, पुन्हा नाकारलं. तेव्हा उजेड पडला. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू होऊन येतात. परदेशी व्यवहार आपण स्वतः सुरू करायचे. कुठून? बँकेच्या अॅपमधून. अॅपला काय लागतं? इंटरनेट. इंटरनेट कशासाठी हवं? तर इंटरनेटचे पैसे भरायला. आमच्या भाषेत याला इंटरलॉक म्हणतात: हे ब्रेकर चालू झाल्याशिवाय ते ब्रेकर चालू होणार नाही, आणि ते झाल्याशिवाय हे. पॅनेलमध्ये असं वायरिंग कुणी केलं असतं तर मी लाल पेनानं शेरा मारून परत पाठवलं असतं.

क्रेडिट कार्डाचं परदेशी व्यवहारांचं बटण मात्र चालू होतं, गेल्या वर्षीच्या जर्मनीच्या कामामुळे. ते टाकलं. पान फिरलं, बँकेचा लोगो आला आणि खाली ओळ आली: तुमच्या नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे. नोंदणीकृत मोबाईल माझ्या हातात होता, विमान मोडवर. एसएमएस खाली कुठेतरी, कसारा घाटातल्या ट्रकसारखा, रांगेत उभा. 'ओटीपी पुन्हा पाठवा' हे बटण मी तीन वेळा दाबलं. का दाबलं ते विचारू नका. लिफ्ट येत नसली की माणूस बटण दाबतच राहतो.

आकाशात कशाचं अडलं होतं हे बघा. ज्या उपग्रहामार्फत हे चालतं तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. विमानाच्या पाठीवर एक उंचवटा असतो, त्याच्या आत अँटेना. ताशी नऊशे किलोमीटरनं पळणाऱ्या विमानावरून ती अँटेना नेम न चुकता त्या उपग्रहाकडे तोंड करून असते. ते सगळं बिनबोभाट चाललं होतं. अडलं होतं सहा आकड्यांवर.

एक वाजून चार मिनिटांनी सईचा मेसेज आला. फोटो. शब्द एकही नाही.

मेसेजच्या फुकट पासात फोटो उतरत नाहीत. दिसतो तो धूसर चौकोन, आणि मधे गोल फिरत राहणारं चक्र. मी तो चौकोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. वर काहीतरी निळसर, मग पांढरं, पांढऱ्यात करड्या ओळी. गुणपत्रिका आहे एवढं कळत होतं. लिहिलं, "फोटो दिसत नाही. टाइप कर." एक टीक. दुसरी उमटेना. तिचा फोन एंगेज असणार, नाहीतर मैत्रिणींच्या घोळक्यात कुठेतरी पडलेला. नवऱ्याला लिहिलं. एक टीक. तेवढ्यात आमच्या आजोळच्या ग्रुपवर मामींचा मेसेज आला: अभिनंदन सई!! मग काकूचा, मग मावसभावाचा. अभिनंदन, अभिनंदन, फुलांचे गुच्छ. आकडा कुणीच लिहीना. आणि मामींच्या अभिनंदनावर काही ठरवता येत नाही, त्या पस्तीस टक्क्यांनाही तेवढीच उद्गारचिन्हं देतात. नाशकापासून नागपुरापर्यंत सगळ्या गोतावळ्याला माझ्या लेकीचे मार्क माहीत होते आणि मला नव्हते.

काका जागे झाले होते. "लागला का?" मी धूसर चौकोन दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "पास आहे. नापासाचा कागद असा भरलेला दिसत नाही." हिशेब खात्यातल्या माणसाचं मत म्हणून मी ते धरून ठेवलं.

मग इंग्लंडातल्या रेडिंगचा भाचा आठवला. तिकडे सकाळचे साडेआठ-पावणेनऊ. मेसेज टाकला, "जागा आहेस का? विमानातून बोलतेय. कार्ड पाहिजे." त्याचं उत्तर: "मावशी, हे नक्की तूच आहेस का?" पोरगं बँकेत कामाला आहे, त्याला दोष नाही. मी लिहिलं, तू चौथीत असताना आमच्या अंगणातल्या हौदात पडला होतास आणि ते तुझ्या आईला अजून माहीत नाही. त्यानं कार्डाचा नंबर दोन तुकड्यांत पाठवला. असं करू नये, हे त्यालाही माहीत आणि मलाही. विमान कंपनीच्या पानानं त्याच्या बँकेला विचारलं, बँकेनं त्याच्या फोनवरच्या अॅपला विचारलं, त्यानं किचनमध्ये उभ्या उभ्या होकार दिला. दोन मिनिटांत पास सुरू. मग त्यानं ते कार्ड गोठवलं आणि दोन्ही मेसेज पुसून टाकायला मला सांगितलं.

आता सईचा फोटो उतरायला हरकत नव्हती, पण तोवर व्हॉट्सअॅप म्हणू लागलं, फोटो मिळत नाही, पुन्हा पाठवायला सांगा. सांगितलं. एक टीक. शेवटी निकालाच्या साइटवर गेले.

बोर्डाची साइट एक ते दोन या वेळात जमिनीवरच्यांनाही दाद देत नाही. राज्यातली चौदा-पंधरा लाख पोरं आणि त्यांचे मामेमावशे एकाच दारावर. वर माझी विनंती विमानातून उपग्रहाला, तिथून जमिनीवरच्या केंद्राला, उत्तर पुन्हा वर आणि पुन्हा खाली, असे चार टप्पे खाणार. प्रकाशाच्या वेगानंही जवळजवळ अर्धा सेकंद. ऐकायला अर्धा सेकंद काहीच नाही, पण एक पान उघडायला फोन अशा कितीतरी खेपा घालतो. हल्ली काहीशे किलोमीटरवरच्याच स्टारलिंकच्या उपग्रहांवर काही विमानं जोडली जातायत, कतार एअरवेजनं आपल्या विमानांत ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरुवात केली, तिथे हा फेरा फार लहान होतो. आमचं विमान जुन्या चालीचं. सीटच्या पडद्यावरच्या नकाशात ते काळ्या समुद्राच्या काठाला लागलं होतं, आणि माझ्या फोनवर निळी रेघ पानाच्या वरच्या कडेला निम्म्यावर येऊन थबकली होती.

चौथ्या प्रयत्नाला चौकट आली. सीट नंबर. बोर्डिंग पास उलटा केला आणि तिचा टाकला. खाली दुसरी चौकट: आईचं नाव.

निकाल बघताना आईचं नाव लागतं हे मला माहीत होतं. दहावीला सईनंच ते भरलं होतं. पण स्वतःचं नाव स्वतः पासवर्डसारखं भरायची वेळ पहिल्यांदाच आली. भरलं. उत्तर आलं: माहिती जुळत नाही. सीट नंबर तपासला, बरोबर. पुन्हा भरलं, जुळत नाही. म्हणजे मी माझ्या मुलीची आई नाही, असं बोर्डाचं म्हणणं. मग आठवलं, बालवाडीच्या दाखल्यावर बाईंनी माझ्या नावातला 'नी' आयऐवजी डबल ईनं लिहिला होता, आणि तो तसाच पुढे दरवर्षी सरकत आला. दुरुस्त करू, दुरुस्त करू म्हणत चौदा वर्षं गेली. डबल ई टाकली.

पान आलं. एवढंसं, मोबाईलसाठी न बनवलेलं. बोटांनी मोठं केलं की एका वेळी एकच कोपरा दिसायचा. वरून वाचत गेले आणि काकांना मोठ्यानं सांगत गेले, कारण हात थरथरत होते. इंग्रजी ७४. मराठी ८६. गणित ७२. भौतिकशास्त्र ६१. इथे थांबले. जानेवारीपासून घरात जी रडारड झाली होती ती याच विषयावरून. ६१ म्हणजे काही वाईट नाही, म्हटलं. रसायन ६८. जीवशास्त्र ७९. काकांनी कधी पेन काढलं कळलं नाही, ते माझ्याच बोर्डिंग पासच्या मागे, सईच्या नंबराखाली, आकडे एकाखाली एक मांडत होते.

एकूण आणि टक्के खालच्या कोपऱ्यात असतात. तिथे जाण्याआधी मला काय दुर्बुद्धी झाली, मी व्हॉट्सअॅपवर गेले आणि नवऱ्याला लिहिलं, "मिळाला!" परत आले तर पान आपलं आपण पुन्हा लोड व्हायला लागलेलं. पांढरं. निळी रेघ. आणि मग वाय-फायच गेलं. केबिनमध्ये दोन-चार जणांनी माना वर केल्या, त्यावरून कळलं, माझं एकटीचं नाही. एअर होस्टेस म्हणाली, विमान एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे जाताना असं होतं, येईल परत.

"चारशे चाळीस," काका म्हणाले. मी म्हटलं, काय? "बेरीज. सहाशेपैकी चारशे चाळीस. त्र्याहत्तर पूर्णांक तेहतीस." त्यांनी बेरीज खालून वर पुन्हा एकदा केली आणि आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. मग पेनला टोपण लावलं. "भौतिकशास्त्राला सहा कमी पडले, नाहीतर चौऱ्याहत्तरच्या वर होती," असंही म्हणाले. मी मनात केलं, चारशे सेहेचाळीस भागिले सहा, बरोबर. संगमनेरच्या दूध उत्पादकांना यांच्यापासून एक पैसा जास्त सुटला नसणार.

वीसेक मिनिटांनी वाय-फाय आलं आणि सईचा फोटोही आला, एकामागून एक पाच वेळा, कारण माझ्या प्रत्येक मेसेजला तिनं तो पुन्हा पाठवला होता. मी उरलेला प्रवास तो मोठा-लहान करून बघत काढला. पासाचे पैसे तेवढ्यातच वसूल झाले म्हणायचे. ऑफिसची मेलं वगैरे उघडली नाहीत.

हॉटेलवर गेल्यावर जे वाचलं त्यातलं एक आधी माहीत असतं तर भाच्याचा नाश्ता वाचला असता. काही विमानांत वाय-फायशिवाय मोबाईलचं स्वतःचं नेटवर्कही असतं. जिओनं त्याचे पॅक २०२० मध्ये आणले, एअरटेलनं फेब्रुवारी २०२४ मध्ये, १९५ रुपयांपासून. ते चालू असतं तर ओटीपी वरच मिळाला असता. मात्र पॅक नसताना विमान मोड काढून ठेवला तर फोन त्या नेटवर्कला आपणहून चिकटतो, आणि मग बिल बघून विमानातून उडी मारावीशी वाटते. कार्डाचं परदेशी व्यवहारांचं बटण मी त्याच रात्री चालू केलं. दोन आठवड्यांनी परतताना सगळं जय्यत तयार होतं: कार्ड, पॅक, व्हीपीएन बंद. विमान बदललं होतं. या विमानात वाय-फायची सोय नाही, असं जेवणाआधी सांगितलं.

पण ते नंतरचं. हीथ्रोला चाकं टेकली आणि मी विमान मोड काढला, तेव्हा फोन थरथरायला लागला. मला वाटलं, सई. चार एसएमएस होते, चारही बँकेचे. तुमचा ओटीपी अमुक अमुक, दहा मिनिटांसाठी वैध, कुणालाही सांगू नका.

इमिग्रेशनच्या रांगेत तिचा फोन आला. आवाज बसलेला, मागे कुकरची शिट्टी. आधी भरपूर बोलली, कुणाला किती, कोण रडलं, मामी काय म्हणाल्या. मी कुठेशी आहे, कशी पोहोचले, काही नाही. मग म्हणाली, "आई, फिजिक्सचं रीचेकिंग टाकणार आहे मी. एकसष्ट शक्यच नाही. फॉर्म उद्यापासून सुरू होतोय, फी ऑनलाइन भरायची. बाबांचं कार्ड चालत नाहीये, तुझं वापरते."

"वापर की."

"फोन चालू ठेव हं मग. ओटीपी तुझ्याकडे येईल."